एक पट्टी का दोन?

छावणीच्या बाजारात सुलेखाबाई तीस वर्षांपासून ब्लाऊज शिवायच्या. पतंगांशी त्यांचा संबंध म्हणजे दिव्याभोवती आला की झाडूनं हाकलायचा, एवढाच.

एके दुपारी भाची सावनी दुकानात आली. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. मोबाइलवर दोन फोटो पुढं धरून म्हणाली, "मावशी, हे हॉक मॉथ पतंग बघ. सारखेच दिसतात. आमच्या तज्ज्ञांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवापासून भांडणं चाललीत."

सुलेखाबाईंनी चष्मा नाकावर ओढला. "सारखे कुठं? ह्याच्या पाठीला मधोमध एकच रुपेरी पायपिंग हाय. त्याच्या पाठीला दोन. एवढं दिसंना व्हय तुमच्या तज्ज्ञांना?"

सावनीनं पुस्तक उघडून पाहिलं. खरंच, दोन वेगळ्या जाती! त्याच दिवशी मावशी ग्रुपात गेल्या.

मग काय विचारता! शिलाई बाजूला आणि पतंग पुढं. कुणी समोरून फोटो टाकला की बाई ठणकावायच्या, "पाठ दाखवा. माप न घेता मी कात्री लावत नाय." तज्ज्ञही निमूट पाठीचे फोटो टाकू लागले.

अशात गंगापूरच्या गिऱ्हाईक आवडाबाईंनी लेकीच्या साखरपुड्यात घालायच्या ब्लाऊजपीसचा फोटो पाठवला. तपकिरी कापड, उन्हात चुरगळलेलं, वर काठ चमकतोय. सुलेखाबाईंनी मशीन चालवता चालवता उत्तर ठोकलं, "नीट दिसत नाही. पाठीचा फोटो पाठवा. पंख पसरलेले असावेत. जिवंत आहे ना?"

तासाभरानं फोटो आला. ओसरीत आवडाबाई पाठमोऱ्या उभ्या, दोन्ही हात आडवे ताणलेले. खाली लिहिलेलं, "पंख म्हणजे बाह्याच ना? आणि मी जिवंतच हाय. कोण काय बोललं का?"

सुलेखाबाईंनी लगेच फोन लावून सगळं कबूल केलं.

पलीकडून आवडाबाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही मला किडा समजलात?"

"तुम्हाला नाय हो, कापडाला!"

"कापड लई महागाचं हाय, बाई."

दुसऱ्या दिवशी आवडाबाई जीपनं थेट दुकानात हजर. सुलेखाबाईंनी आधी चहा पाजला, मग माप घेतलं आणि शेवटी भीत भीत पतंगाचा फोटो दाखवला. आवडाबाई टक लावून बघत राहिल्या.

"हा तर आमच्या अळूवर बसतो! कापडापेक्षा ह्याचाच रंग बरा हाय की. मलाबी घ्या ग्रुपात."

घेतलं. पहिल्याच सकाळी त्यांनी 'शुभ सकाळ' लिहिलेलं गुलाबाचं चित्र टाकलं. दुपारपर्यंत अकरा तज्ज्ञ त्या गुलाबाच्या जातीवरून भांडत होते.