जाईची दाब आणि देवाचा वळू

लढाईवरून मी परत आलो तो ब्रह्मदेशातला सगळा हिवताप एकट्याच्या अंगात घेऊन. दर तिसऱ्या दिवशी असा थडथडायचो, की शेजारच्या तीन घरांची कौलं हलायची. कोयनेल इतकं खाल्लं होतं, की मला चावलेले डास तोंड कडू झालं म्हणून माघारी जायचे. जड काम होईना, म्हणून आईनं साताऱ्याच्या घरामागं, परसात, मला जाईच्या वेलाच्या चाकरीला लावलं.

ही जाई साधी नव्हे. आईच्या माहेरी, मेढ्याकडं, लेक सासरी निघाली की घरच्या जाईची मुळं धरलेली फांदी तिच्याबरोबर द्यायचे. आईनं आणली, तिच्या आईनं आणली होती, तिच्याही आईनं. माझ्या हिशेबानं पांडवांच्या आधीपासून हे चालू असावं. आता धाकट्या बहिणीचं लग्न सांगलीला ठरलं होतं, वैशाखाच्या अखेरीला. फाल्गुनातच आईनं एक फांदी वाकवून मातीत दाबली आणि वर धोंडा ठेवला.

"ही दाब लागली न्हाई, तर माझी पोर मोकळ्या हातानं जाईल," ती म्हणाली. "ध्यान ठेव, लेका."

ध्यान ठेवायचं म्हणजे दोन घागरी सकाळी, दोन संध्याकाळी. विहीर पाताळाला टेकलेली. दोर ओढून ओढून माझे हात गुडघ्यापर्यंत लांबले. एवढं करून ओल धरली, तर गल्लीतली एक गाभण कुत्री त्या गारव्यावर येऊन पसरली. हाकलली की उठायची, आळस द्यायची, माझी पाठ वळली की पुन्हा तिथंच. दिवसातनं पन्नासदा.

"दादा, जपानी असाच हाकलला का रं?" बहीण विचारायची.

"जपानी ऐकायचा तरी."

पण खरी भीती होती ती देवाला सोडलेल्या वळूची. किल्ल्याच्या डोंगराएवढा. त्यानं भाजीच्या पाटीत तोंड घातलं तरी भाजीवाली हात जोडायची. काठी उगारायची कुणाची छाती नव्हती. मी परसाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. त्यानं त्यावर दात कोरले असावेत.

लग्नाला पाच दिवस उरले. दुपारी ताप चढला आणि मी सोप्यात आडवा झालो. जाग आली ती गुरगुरण्यानं. परसात वळू उभा, आणि वेल बुंध्यापर्यंत फस्त. मी काठी उचलली.

"देवाचा हाय त्यो. हात न्हाई लावायचा," मागनं आई म्हणाली. हात जोडलेले, डोळ्यांतनं पाणी गळत होतं.

मी काठी खाली ठेवली. लोकांना मी याचं कारण भक्ती सांगतो. खरं म्हणजे ती पेलायचं बळच नव्हतं.

गुरगुरत होती ती कुत्री. दाबेवर आडवी, वळूच्या नाकाखाली, जागची हलत नव्हती. वळूनं तिच्याकडं बराच वेळ बघितलं, शेण टाकलं आणि निघून गेला. तिच्या पोटाखाली फांदी तेवढी राहिली होती, चार पानांची. आईनं बोटानं माती उकरली. मुळं धरली होती, पांढरी, दोऱ्यासारखी. तिथल्या तिथं फांदी मडक्यात गेली, आणि मोकळ्या झालेल्या खड्ड्यात दोन दिवसांनी कुत्री व्याली.

बहिणीला पोचवायला मी सांगलीला गेलो. तिच्या सासरी जेवताना सांगितलं, की वळूची शिंगं धरून त्याला दीड कोस मागं रेटला. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मडकं मांडीवर घेऊन बसलेली बहीण खाली बघून हसली. निघताना हळूच म्हणाली, "दादा, तिला रोज भाकरी घाल."

घरचा बुंधा वाळला तो वाळलाच, फुटला नाही. विहिरीवर जायचं आता काही कारण उरलं नव्हतं. पण त्या जागेवर घागर वेळेवर ओतली नाही, तर कुत्री पिलांसकट सोप्याच्या पायरीशी येऊन माझ्या तोंडाकडं बघत बसायची. मग उठायचो. दोन घागरी सकाळी, दोन संध्याकाळी.