साहेबांची बेडकं आणि गावाची धोंडी

अगं, जवळ बस अशी. वर्षभर तोंड दाखवत नाहीस आणि वर विचारतेस, मावशी, तुझी नोकरी पक्की झाली कशी? बेडकांमुळे झाली. हसू नको, ऐक.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी बपेरा गावात ग्रामसेविका, टेंपरवारी. बायकांना पोषक आहार करून दाखवायचा, त्याला ऑफिसात डेमॉन्स्ट्रेशन म्हणत. भंडाऱ्याहून माझे साहेब जीपने आले ते नवी योजना घेऊनच.

"बाई, तळ्यातला बेडूक म्हणजे फुकटचं प्रोटीन. दरसाल थोडे धरायचे, बाकीचे वाढू द्यायचे. कधी संपणार नाहीत. उद्या मोठ्या साहेबांना रांधून दाखवू. जमलं तर तुमची ऑर्डर काढतो."

"आणि नाही जमलं तर?"

"तर दुसरी बाई बघतो."

आषाढ सरत आला तरी पाणी नव्हतं. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पिवळी पडून राहिली होती.

साहेबांनी शिपायाला तळ्यात उतरवलं. गोणी भरली. जड झाली म्हणून दांड्याला बांधली, साहेब आणि शिपाई दोघांनी खांद्यावर घेतली आणि गावातून जीपकडे निघाले.

इथंच चुकलं. पाणी रुसलं की आमच्याकडे धोंडी काढतात. दांड्याला बेडूक बांधून घरोघर फिरायचं. घरची बाई दांडा वाहणाऱ्यावर पाणी ओतते, हळद टाकते, धान्य देते. शेवटी बेडूक तळ्यात सोडायचा.

पहिलंच घर शेवंताबाईचं. तिचं धान तळ्याखालीच. "अवो माय, साहेब सोता धोंडी घेऊन आले!" आणि घागर थेट साहेबांच्या डोक्यावर.

"अहो, हे सरकारी बेडूक आहेत!"

"मंग तं पाणी लवकर येते, साहेब!"

विहिरी आटल्या होत्या, तरी एकाही घरानं हात आखडला नाही. साहेबांच्या खिशात तांदूळ, चष्म्यावर हळद.

"बाई, यांना थांबवा!"

"साहेब, धोंडी मधात थांबत नाही."

जीपजवळ सारं गाव उभं. "आता तळ्यावर चला, सोडा त्याइले," शेवंताबाई म्हणाली.

"नाही सोडले तर?"

तिनं पिवळ्या पऱ्ह्यांकडे बोट केलं. "मंग ते तुमच्या डोक्शावर."

साहेब मुकाट मागं फिरले. गोणी उघडली.

दुसऱ्या दिवशी धोंडीच्याच तांदळाची, मूग घालून खिचडी केली. मोठ्या साहेबांनी दोनदा मागून घेतली. माझी ऑर्डर निघाली. पाऊस उशिराच आला, पण साहेबांना कोणी बोल लावला नाही.

मी एवढंच शिकले. गावातून काही न्यायचं असेल तर कसं न्यायचं तेही आधी विचारावं, आणि जीपमध्ये एक कोरडा सदरा ठेवावा.

आता वर्षभर गायब होऊ नको. नवा तांदूळ निघाला की ये, खिचडी टाकते.