शहाण्णवला सहा उरले

नेवाशाजवळच्या एका गावी मुलगी बघायला निघालो, तेव्हा आईने बजावलं होतं, "तिथं आकडे काढू नकोस." मी पाथर्डीला शाळेत गणित शिकवतो आणि माझा आजार तिला ठाऊक आहे. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, ती हर्षद संख्या. अठराला नऊने जातो, एकवीसला तीनने. एसटीत बसलो की समोरून येणाऱ्या गाड्यांचे नंबर मी असेच भागत बसतो.

पोहे झाले. माझ्या काकांनी मुलीला शिक्षण, स्वयंपाक असलं सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "आता तू विचार काय ते." ती मला बघताक्षणी आवडली होती, आणि कुणी आवडलं की माझ्या जिभेला हाड राहत नाही. विचारलं काहीच नाही, थेट स्वतःचा शोध जाहीर केला. हर्षद संख्येची दुप्पटही हर्षदच! बारा घ्या. एक नि दोन तीन, तीन चोक बारा. मग चोवीस, सहा चोक चोवीस. मग अठ्ठेचाळीस, बारा चोक अठ्ठेचाळीस. मुलीचे मामा मान डोलवायला लागले.

"आणखी एकदा दुप्पट करा की," मुलगी म्हणाली.

शहाण्णव. नऊ नि सहा पंधरा. पंधरा सक नव्वद.

"सहा उरत्यात की, पाव्हणं!" मामा म्हणाले आणि सगळं घर हसलं.

मी पुन्हा भागून बघितलं, सहाच उरले, आणि मग माझं मलाच हसू आवरेना. "चुकलं माझं," मी म्हणालो, "वर्गात पोरांनाही हेच शिकवलंय. सोमवारी सांगावं लागेल."

परतताना काका एसटीत माझ्यापासून लांबच्या बाकावर जाऊन बसले. आई एवढंच म्हणाली, "गेलं स्थळ." सोमवारी फळ्यावर शहाण्णव लिहून चूक दुरुस्त केली, पोरं जाम खूश झाली. मी मात्र दर तासाला फोन बघत होतो. इतकं वाईट मला गणितात नापास झालो असतो तरी वाटलं नसतं.

पाचव्या दिवशी मामांचा फोन आला. "पोरगी व्हय म्हनती."

"अहो, पण माझी चूक तिनंच काढली ना?"

"तुमच्या आधी दोगांची काढली हुती. दोगंबी रागानं उठून गेलं. हसनारं तुमीच पयले."