नितळ पाण्याचा मुकादम

ओंजळीत पाणी घ्यायचं, डोळ्यांजवळ न्यायचं आणि म्हणायचं, "हातावरच्या रेघा दिसल्या तं सोडायचा, नाय तं नाय." आमचे मुकादम पाण्याची परीक्षा अशी घेत. त्यांनी पास केल्याशिवाय पाणी खाणीबाहेर जात नसे.

पळस्प्याच्या पुढे डोंगराला खेटून एक बंद पडलेली दगडखाण होती. तिच्यावर माती पसरून, गवत लावून डोंगर पुन्हा हिरवा करायचं काम आमच्या ठेकेदाराकडे आलं होतं. साल दोन हजार दहाच्या आगेमागे. मी तिथला इंजिनीअर, वय सव्वीस, अक्कल त्याहून बरीच कमी. नवी माती पावसात वाहते, म्हणून पायथ्याशी तळं खणायचं होतं. गाळ तळाशी बसला की वरचं पाणी ओढ्यात सोडायचं. ओढ्याकाठी खाली एक पाडा होता आणि ओढ्याच्याच पाण्यावर भरणारी, पाड्याची पिण्याची एकुलती एक विहीर.

मुकादमांचं आयुष्य मिठागरात गेलेलं. मिठागरं संपली तेव्हा ते आमच्याकडे लागले. माझ्या बुटांना ते 'सायबाची होडकी' म्हणत. नकाशात तळ्याला काँक्रीटची भिंत होती, ती पाहून मनापासून हसले. "सायेब, मी भरतीचा पानी अडवलाय. ह्या नाल्याला कसली भिंत?"

मग त्यांनी चिखल पायांनी तुडवून, थरावर थर देऊन बांध घातला. मिठागरात पाणी आत-बाहेर करायला फळीचं दार असतं, उघाडी, तशी उघाडी बसवली. मी ठेकेदाराशी भांडून भिंत रद्द करून घेतली. खोटं कशाला बोलू, मला या माणसाचा अभिमान वाटायचा.

रोज सकाळी ते तळ्यातून सुटणारं पाणी काचेच्या बाटलीत आणून टेबलावर ठेवत. मी वहीत 'पाणी नितळ' लिहून सही ठोकत असे. पहिल्या पावसाळ्यात मी स्वतः तळ्यावर जायचो. दुसऱ्या पावसाळ्यात म्हटलं, येतो. ते म्हणाले, "मी हाय ना." तुम्हालाही असा एखादा 'मी हाय ना' भेटला असेल. तो भेटला की आपण डोळे मिटून घेतो.

त्या श्रावणात पाड्यावरची एक बाई हंडा घेऊन ऑफिसच्या दारात आली. हंड्यात लालसर चिखलपाणी. "हा पिऊन दाखवा, सायेब. पोरांना हाच पाजतो आमी."

मी तिच्यासमोर वही उघडली. मुकादम शेजारीच होते.

"मुकादम, आपलं पाणी कसं आहे?"

"नितळ," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

मग मी तिला तोऱ्यात सांगितलं, आमचा काही संबंध नाही, पलीकडे माती उपसणाऱ्या प्लॉटवाल्यांना विचारा. तिने हंडा माझ्या पायरीवर उपडा केला आणि गेली.

चार-पाच दिवसांनी गवत धरलंय का ते पाहायला मी उतारावर चढलो आणि वरून तळं दिसलं. उघाडी पूर्ण वर, खाली दगडाची पाचर. तळ्यात पाणी थांबतच नव्हतं. चहासारखं पाणी सरळ ओढ्यात चाललं होतं. मुकादम बाजूला इरलं घेऊन उकिडवे बसले होते.

"कधीपासून?"

"आषाढापासून."

बांध पाझरत होता. खाडीचा चिखल चिकट, तुडवला की एकजीव होतो. खाणीची माती तशी जुळत नाही. पाणी साठू दिलं असतं तर बांध फुटला असता, आणि मला सांगितलं असतं तर बांध मोडून तिथे भिंत आली असती.

"आणि बाटलीतलं पाणी?"

"वरच्या झऱ्याचा." मग म्हणाले, "बांध माजा होता, सायेब."

मी नको नको ते बोललो. केसाने गळा कापलात म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत.

काँक्रीटची भिंत उभी राहिल्यावर एका रविवारी मी पाड्यावर माफी मागायला गेलो. ती बाई विहिरीवरच होती. मी सगळं सांगू लागलो, तर तिने मध्येच थांबवलं.

"ठाव हाय मला. तुमी मला हाकलली ना, त्याच सांजेला मुकादम आलते. समदा कबूल केला. तवापासून दर रविवारी विहिरीत उतरून गाळ काढतान. या वयात."

मला पुन्हा एकदा फसवल्यासारखं झालं. तिच्यापाशी कबुली दिली आणि माझ्यापाशी नाही! माझा तो राग अजून गेलेला नाही.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मी सांगाला आलते ना तुमाला, हंडा घेऊन. तुमी ऐकला?"

मी विहिरीत डोकावून पाहिलं. मग विचारलं, "आज येतील का? थांबतो मी."

तिने पोहरा वर ओढला, हंड्यात ओतला.

"आलते मगाशी. तुमाला बगितला नि वाटेतूनच मागं फिरले."