मशीनलाही राव म्हणणारे भाऊ

आमच्या लोणीच्या शाळेतला कॉम्प्युटर बघायला दर महिन्याला मंचरहून एक भाऊ यायचे. कानावर पेन्सिलीसारखा स्क्रूड्रायव्हर. मशीनलाही ते राव म्हणायचे. "उठा राव, पोरं वाट बघत्यात!"

पोरं बाहेरूनच बघायची, कारण खोलीची किल्ली माझ्या कमरेला. मुलं मोडतोड करतील, असं मी सांगायचे. खरी भीती वेगळीच होती. सीडीतला इंग्रजीचा धडा माईकमध्ये म्हटला, की कॉम्प्युटर आपलाच आवाज सगळ्यांसमोर ऐकवायचा, आणि उच्चार कच्चे असूनही शाळेत इंग्रजीच्या बाई म्हणून मिरवणारी मी! माझ्या ताठ्यापुढं खळ लावलेली साडीसुद्धा मऊ वाटावी.

एकदा भाऊंनी मशीन सुरू करून तिसरीच्या पोरांना सरळ आत बोलावलं. "बाई, तुमी म्हणा पयलं." मी म्हटलं, घसा दुखतोय. त्यांनी माईक स्वतःकडं ओढला आणि धडधडीत चुकीचं इंग्रजी ठोकून दिलं. कॉम्प्युटरनं ते ऐकवताच सगळ्यांआधी तेच खदाखदा हसले. "लई वाईट व्हतं! याच्यापेक्षा वाईट कोण म्हणतंय?"

झालं, झुंबड उडाली! वर्षभर वर्गात तोंड न उघडलेली मेंढरंवाल्यांची पोरगी सगळ्यांना ढकलून पुढं आली, आणि स्वतःचं इंग्रजी ऐकून टाळ्या पिटत नाचली.

मग मलाही राहवेना. किल्ली टेबलावर टाकून मी माईककडं धावले.

"ओ बाई," भाऊ ओरडले, "मधी घुसू नका, रांगेत या!"