गव्हाणीतला कडबा

दुष्काळाच्या त्या साली राहात्याजवळच्या आमच्या वस्तीवर नाताळाआधीचा आगमनकाळ लागला आणि फादरांनी चर्चमध्ये, वेदीच्या पायरीशी, चक्क गव्हाण आणून ठेवली! खरीखुरी, बैलांनी चाटून चाटून कड गुळगुळीत केलेली. वेदीवर जांभळं कापड, दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्यांतली पहिली पेटलेली. फादर म्हणाले, "नाताळापर्यंत प्रत्येकानं गुपचूप चांगलं काम करायचं. केलं की यात एक काडी टाकायची. बाळ येशूला मऊ अंथरूण झालं पाहिजे. पण कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की काडी बाद!"

अगं बाई, मला तर कधी एकदा सुरुवात करीन असं झालं. मी तोंडाची फटकळ. चांगलं काम एक वेळ जमेल, पण गप्प बसायचं कसं? आणि काडी तरी आणायची कुठून? रानात कुसळ उरलं नव्हतं. पण गुरांच्या छावणीकडं जाणारे कडब्याचे ट्रक आमच्या रस्त्यानं जायचे. खड्ड्यात आदळले की कडबा सांडायचा. ट्रकचा आवाज आला की आम्ही पोरं धूम पळायचो. काम एवढंसं आणि काडीच्या जागी मूठभर कडबा! दुसरी मेणबत्ती पेटली तोवर गव्हाण काठोकाठ. असं अंथरूण कलेक्टरालासुद्धा नसेल, असं मी छाती फुगवून सांगत फिरायची.

आणि मग गव्हाण उतरायला लागली. संध्याकाळी भरावी, सकाळी रिकामी. माझं डोकंच फिरलं. येशूच्या अंथरुणावर डल्ला? चोराला धरायचंच म्हणून उजाडायच्या आत चर्चच्या दाराआड लपले. आई नेहमीसारखी झाडलोट करायला आली. झाडून झालं, तिनं गुडघे टेकले, क्रूसाची खूण केली आणि गव्हाणीतला कडबा ओंजळीनं पदरात भरला.

मी ओरडणारच होते, पण तशीच तिच्या मागं गेले. ती शिरली शेजारच्या मावशींच्या गोठ्यात. मावशी एकट्या, विधवा. त्यांची गाय गाभण, पण बरगड्या निघालेल्या, छावणीपर्यंत चालायचीसुद्धा ताकद नाही. गाय गेली तर मावशींचं सगळंच गेलं, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं.

"आये, त्यो येशूचा हाय!" मी दबक्या आवाजात भांडले.

"व्हय. त्यो यायला अजून टाइम हाय. हिला आत्ता भूक लागलीया." तिनं कडबा गाईपुढं टाकला. "आन् फादर काय म्हनले? सांगायचं न्हाई. बोललीस तर तंगडं मोडीन."

त्या दिवसापासून ट्रकमागं सगळ्यांत पुढं मी!

नाताळाच्या सकाळी बाळ येशूची मूर्ती गव्हाणीच्या जवळजवळ उघड्या फळीवर. "यंदा आपली तयारी कमी पडली," फादर हळहळले. मी तोंड उघडलंच होतं. आईनं मला करकचून चिमटा काढला.

उपासना संपता संपता मावशी पातेलं घेऊन आत आल्या. गाय आदल्या दिवशी व्याली होती, सुखरूप! पातेल्यात खरवस. दुष्काळात खरवस! सगळ्यांच्या तळहातावर एक-एक फोड पडली. मला आनंदानं रडूच फुटलं.

"मावशी, गाईला घातलंत तरी काय?" फादरांनी बोट चाटत विचारलं.

"देव जाने, फादर. रोज सकाळी तिच्या म्होरं कडबा पडलेला असायचा. कोन टाकायचं, आजून कळलं न्हाई."

फादरांनी वळून रिकाम्या गव्हाणीकडं बघितलं. आई मान खाली घालून खरवस खात होती, जणू ती त्या गावचीच नाही.