डेन्मार्कची थोरली पाती

"पैला फेटा कुणाला बांधायचा, तेवढं सांगा," आबा म्हणाले.

आबा आमचे मालक. कागल एमआयडीसीत त्यांची फौंड्री आहे आणि मी तिथं क्वालिटी इनचार्ज. दुसऱ्या दिवशी पंपाचं सॅम्पल कास्टिंग, म्हणजे लोखंड ओतून केलेला नमुना, तपासायला एक डॅनिश साहेब आणि एक नॉर्वेजियन बाई येणार होत्या. सॅम्पल फेल गेलं तर आमच्या नव्या शेडला कुलूप लागणार होतं.

"आबा, प्रेशर टेस्ट परत घ्यायची आहे."

"एकदा झालीया न्हवं? दोघांच्यातबी राजं हाईत. थोरली पाती, म्हंजे थोरल्याचं घराणं, कुठली ते बघा. मानपानात चुकलं की सोयरीक मोडत्या."

मी पंप सोडून राजे तपासायला बसलो. डेन्मार्कचं सोपं होतं. कित्येक पिढ्या गादीवर आळीपाळीनं ख्रिश्चन आणि फ्रेडरिक. शंभरेक वर्षांपूर्वी नॉर्वे स्वीडनपासून वेगळं झालं, तेव्हा त्यांना राजाच नव्हता. त्यांनी डेन्मार्कचा धाकटा राजपुत्र मागून आणला. दत्तकाचं बदलतात तसं त्याचंही नाव बदललं. कार्लचा हाकोन झाला.

"बायको कुठली केली?" आबांनी विचारलं.

"आत्याची मुलगी."

"आणि पोराला?"

"त्यालाही आत्याचीच."

आबा खुर्चीत मागं रेलले. "मामाची चालती की. आत्याची म्हंजे परतवेल. लेक दिली त्याच घरातनं सून आणायची? तीबी दोनदा? घरात कोण वडीलधारं न्हवतं व्हय?"

निकाल लागला. डेन्मार्क थोरली पाती. वंशावळीचा फ्लेक्स मी तीनदा तपासून रिसेप्शनला लावला.

सकाळी डॅनिश साहेबांना पहिला फेटा बांधला, मग बाईंना. बाई फ्लेक्ससमोर बराच वेळ थांबल्या. "आमचा राजा आधी लोकांचं मत घ्या म्हणाला, मगच आला. ते राहिलंय," त्या म्हणाल्या. मी पेनानं लिहिलं. मला भलताच अभिमान वाटला.

मग त्यांनी पंप मागितला. प्रेशर दिलं आणि तळातून पाणी पाझरलं. ब्लो होल, म्हणजे ओतताना धातूत अडकलेली हवा. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"फेरसॅम्पलला महिना देते," बाई म्हणाल्या. फेटा न काढता त्यांनी माझ्या टेबलावरून दोन टॅग उचलले. रिजेक्टचा लाल पंपाला बांधला. ओकेचा हिरवा फ्लेक्सला लावला.

दुसरं सॅम्पल पास झालं. त्या वेळी पाहुण्यांना नुसता चहा दिला आणि पंप तीनदा तपासला.